जयवंतीची फौज

जयवंती एका जागी स्वस्थ बसलीय, असं वसईजवळच्या पापडीच्या मागच्या आळीत कोणी कधी पाहिलं नव्हतं. जेवायची तीसुद्धा अर्धी उठून. घास तोंडात आणि डोळे वाडीच्या फाटकाकडे. केळीचं वाळलेलं पान गळून पडलं तरी कोण आलं म्हणून बघायला जायची, आणि तेच पान उचलून घेऊन यायची, म्हणजे कामालाच गेले होते असं दाखवता यायचं. सासूबाई म्हणायच्या, "बस गो जरा, तुझ्याकडे बघून माझ्या पायांत गोळे येतात." मग ती बसायची. पण ते बसणं कसलं, नुसतं टेकणं.

लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती, हे आळीतल्या जुन्या बायका शपथेवर सांगतील. तेव्हा पायाला भिंगरी होती ती तिच्या नवऱ्याच्या, नरहरीच्या. वडिलांनी राखलेली बागायत, पानवेली, राजेळी केळी, रहाटाची विहीर, सगळं आयतं हातात असून त्याचं मन काही वाडीत रमलं नाही. "रहाटाच्या बैलामागे गोल गोल फिरून मी म्हातारा होणार नाही," असं तो येता-जाता म्हणायचा आणि सगळे हसायचे. एक दिवस तो ठाण्याला बैल बघायला म्हणून गेला आणि फौजेत नाव घालून परत आला. मोठं युद्ध चालू होतं. जनावरं हाकता येतात म्हटल्यावर साहेबांनी त्याला खेचरांच्या तुकडीत टाकला. घरात रडारड झाली, ती नंतर. आधी सही, मग सल्ला, हा त्याचा स्वभावच होता.

जाताना जयवंतीनं त्याला सुकेळ्यांचा पुडा बांधून दिला. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्या वाळक्या सोपटात आवळून बांधायची, हे काम तिच्या हातचं आळीत नावाजलेलं होतं. "संपली की सांगा, अजून पाठवते," ती म्हणाली. जग केवढं मोठं असतं ते त्या घरात तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात तार आली. ती वाचली एकनाथनं. एकनाथ नरहरीचा धाकटा भाऊ, वसईच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर. तारेत दोनच गोष्टी होत्या. नरहरी बेपत्ता आहे, आणि तो जिथं बेपत्ता झाला त्या मुलखाचं नाव ट्युनिशिया.

"बेपत्ता म्हणजे?" जयवंतीनं विचारलं.

"म्हणजे... सापडत नाही दादा."

"म्हणजे शोधतायत," ती म्हणाली, आणि पदर खोचून विहिरीवर गेली. भरलेल्या हंड्यात तिनं आणखी पाणी ओतलं. ते बाहेर सांडत राहिलं तरी तिला कळलं नाही.

संध्याकाळी ती ओट्यावर आली. एकनाथ खांबाला टेकून बसला होता. "भाऊजी, ती जागा कुठं आहे, दाखवा मला."

त्यानं शाळेतला नकाशा आणला होता. निळ्या समुद्राच्या खालच्या काठावर बोट ठेवलं. जयवंतीनं वाकून बघितलं. तिला तिथं त्याच्या बोटाचं नख तेवढं दिसलं. "कशी आहे पण ती जागा? माणसं कसली? झाडं आहेत का?"

आता एकनाथला काय ठाऊक असणार? त्यानं स्वतः मुंबईच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. भाऊ जिवंत आहे म्हणावं तर खोटं, गेला म्हणावं तर जीभ उचलत नव्हती. गप्प बसावं तर वहिनीचे डोळे समोर. घाबरलेला माणूस जवळ असेल ते पुढं करतो, तसं एकनाथनं आपल्याजवळ होतं ते पुढं केलं. "इथं पूर्वी कार्थेज नावाचं शहर होतं," तो म्हणाला. "फार मोठं. त्यांची फौज तर अशी होती की..."

"कशी होती?" जयवंती म्हणाली आणि पायरीवर टेकली.

असं ते सुरू झालं.

एकनाथ चांगला मास्तर होता. वर्गात मुलं जांभया द्यायची ती त्याच्या आवाजामुळे, माहितीमुळे नव्हे. त्यानं सांगितलं की कार्थेजचे लोक मूळचे व्यापारी, जहाजवाले. लढायला ते माणसं आणत बाहेरून. एका फौजेत एवढ्या देशांची माणसं की सकाळी उठून एकमेकांना रामराम करायचा तरी पंचाईत. शेजारच्या लिबियातले शेतकरी मोठ्या ढाली आणि भाले घेऊन मधे उभे राहायचे, पायदळाचा कणा तोच. स्पेनमधले लोक पांढरे सदरे घालायचे, सदऱ्याला जांभळी किनार, आणि हातात आपल्या कोयत्यासारखी आत वळलेली तलवार. गॉल म्हणून उत्तरेकडचे धिप्पाड गडी होते, ते उघड्या अंगानं लांब तलवारी फिरवत यायचे. आणि नुमिडियाचे घोडेस्वार! त्यांच्या घोड्याला लगाम नाही, खोगीर नाही, गळ्यात एक दोरी आणि स्वाराच्या हातात काठी. तेवढ्यावर घोडा वळायचा, थांबायचा, उधळायचा. यायचे, छोटे भाले फेकायचे आणि पाठलाग करणारा दमेपर्यंत पळत सुटायचे.

"लगाम नाही?" जयवंती म्हणाली. "ह्यांना आवडलं असतं."

नरहरी रहाटाच्या बैलाला वेसण घालताना स्वतःच तोंड वाकडं करायचा, ते दोघांनाही आठवलं. सासूबाई आत वाती वळत बसल्या होत्या, त्यांच्या हातांचा आवाज मधेच थांबला आणि परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी एकनाथ शाळेतून आला, चहा झाला, आणि जयवंती केळीचे घड घेऊन ओट्यावर. "भाऊजी, एवढ्या भाषांच्या माणसांना हुकूम कसा कळायचा?"

दुभाषे असायचे, तो म्हणाला. मग तिनं विचारलं की त्यांना रांधून कोण घालायचं. हे त्याला येत नव्हतं. वहाणा तुटल्या तर शिवायचं कोण, हेही येत नव्हतं. मोठमोठ्या पुस्तकांत तलवारींची लांबी दिली होती, पण भाकरीची नाही. बिचारा एकनाथ मुंबईच्या लायब्रऱ्यांतून पुस्तकं आणू लागला, वहिनीच्या प्रश्नांना पुरायला. त्याची बायको प्रमोदिनी मोठ्या मनाची. ती म्हणायची, "सांगा तिला. तेवढा वेळ तरी ती बसते."

हे तेवढं खरं होतं. दिवसभरात जयवंती बसायची ती त्या वेळेला. बाकी तिची येरझार चालूच. वाडीतून विहिरीवर, विहिरीवरून फाटकावर, फाटकावरून पुन्हा वाडीत. रात्री कूस बदलण्याचा आवाज पलीकडच्या खोलीत ऐकू जायचा.

ती वेडी झाली असं कोणी समजू नये. हे सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण आपलं माणूस जिथं आहे तो मुलूख डोळ्यांपुढं आणावा म्हटलं तर एक निळी-पिवळी नकाशाची चिंधी, दुसरं काही नाही, हे तिला सोसत नव्हतं. एकनाथनं तिला त्या टेकड्यांवर माणसं दिली, घोडे दिले, ढाली दिल्या. त्या गर्दीत नरहरीला कुठं उभा करायचा, ते तिचं तिनं ठरवलं. ढालवाल्यांत नाही. स्वारांतही नाही. सगळ्यांच्या मागं, जिथं ओझ्याची जनावरं असतील तिथं. त्या जनावरांमागच्या माणसांबद्दल कुठल्याच पुस्तकात काही नव्हतं. तिला त्याचा फार राग यायचा.

गोफणवाले मात्र तिला मनापासून आवडले. स्पेनजवळच्या बेटांवरची ती माणसं, प्रत्येकाजवळ तीन गोफणी. एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. लांबच्या माऱ्याला एक, जवळच्या माऱ्याला दुसरी. आई म्हणे पोराची भाकरी दूर ठेवायची आणि ती गोफणीनं पाडल्याशिवाय खायला द्यायची नाही. खाडीकडच्या भातशेतीत माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्या पोरी जयवंतीनं लहानपणापासून बघितल्या होत्या. तिनं काथ्याच्या तीन गोफणी वळल्या. एक लांब, एक आखूड, एक मधली. आणि केळी खायला येणाऱ्या माकडांवर तिन्ही करून बघितल्या. "भाऊजी, खरं आहे," ती धापा टाकत सांगायला आली. "लांबची निराळीच लागते." त्या दिवशी शेजारच्या कौलांचं काय झालं ते आपण सोडून देऊ.

अशा गोष्टी फाटकाच्या आत राहत नाहीत. शेजारची लुसी सुकेळी बांधायला मदतीला यायची. तिनं जे ऐकलं ते पापडीला तिच्या देवळात, चर्चमध्ये, नेलं, आणि रविवारी मिस्सा आटोपल्यावर बायका तिला विचारू लागल्या की नरहरी हत्तीवरून पडला हे खरं का. कारण हत्ती होतेच. कार्थेजचे हत्ती, आपल्यापेक्षा लहान चणीचे पण लढाईत पुढं. लुसीनं नरहरीसाठी मेणबत्ती लावली, ती हत्तीसकट लावली. जयवंतीला कळलं तेव्हा ती हसली, आणि मग केळीच्या आड जाऊन खूप रडली.

एका संध्याकाळी एकनाथनं हातातल्या कड्यांचं सांगितलं. कार्थेजच्या लोकांत म्हणे अशी रीत होती, की माणूस जितक्या मोहिमांवर जाऊन येईल तितकी कडी त्यानं हातात घालायची. रस्त्यानं चालताना हात बघितला की कळावं, हा किती वेळा गेला होता.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "पुरुषांनी बांगड्या भरायच्या? शोभलं! आपल्याकडे असं कोणाला म्हटलं तर डोकी फुटतील."

"आई, बांगड्या नव्हेत, कडी."

"हातात घालतात ना? मग बांगड्याच त्या. एकनाथा, ह्या असल्या फौजेच्या नादी तिला लावू नको. उद्या देवाला नैवेद्य दाखवताना मला हत्ती मोजायला लावील." एवढं बोलून त्या वातीला पीळ देत बसल्या. आपण ऐकत नाही असं दाखवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

युद्ध संपलं. माणसं परत येऊ लागली. शेहेचाळीसच्या मार्गशीर्षात फाटकाशी बुटांचा आवाज झाला आणि जयवंतीच्या हातातलं सूप खाली पडलं. आला होता बळीराम, कामणकडचा, खाडीकाठचा शेतकरी. तो नरहरीच्याच तुकडीत होता. ओट्यावर बसला, पण पाय सारखे हलवत. खूप वेळ तो खेचरांबद्दलच बोलला. मग सासूबाईंनीच विचारलं, "शेवटी कुठं बघितलास त्याला?"

"डोंगरावं होतो आमी, आई. पानी नव्हतं. दोन दिस कोनाला पानी नाय. सकालच्याला नरहरी म्हनला, खाली ओहळ हाय, मी आनतो. दोन खेचरं घेतली, पखाली टाकल्या नं उतरला. मंग तोफा सुरू झाल्या." बळीराम थांबला. "खेचर एक वर आलं. रिकामं."

"आणि ते?" जयवंती म्हणाली.

"कोनी बगलं नाय, वैनी. मुडदा बी नाय बगला कोनी. मी खोटं नाय बोलनार."

जयवंतीनं त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. अंगात काय होतं, डोक्यावर काय, पायांत काय, पाठीवर कांबळं होतं का. बळीराम सांगत गेला, लोखंडी टोपी, खाकी, जाड बूट. "आणि सुकेळी?" तिनं विचारलं. "ती बोटीवंच सपली, वैनी. सगळ्यांला वाटली त्यानं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की त्याच्याकडे बघवेना.

या एका सांगण्यातून त्या घरात दोन वेगळ्या गोष्टी शिरल्या. जयवंतीनं ऐकलं, मुडदा कोणी बघितला नाही. सासूबाईंनी ऐकलं, पाणी नव्हतं. लेक तहानेला गेला. त्या दिवसापासून तांब्या तोंडाला लावताना त्यांचा हात थांबायचा. पाणी द्यायचं तर विधी करायला हवा, आणि देह नसताना विधी करायचा तर शास्त्रानं बारा वर्षं वाट बघायला सांगितलेली. सरकारनं त्याला मेलेला धरून कधीच कागद पाठवला होता. पण हरिभाऊ भटजी म्हणाले, सरकारचं सरकारपाशी, आपलं आपल्यापाशी.

तेव्हा ह्या दोघीजणी थांबल्या. एक तो येईल म्हणून, दुसरी त्याला पाणी देता येईल म्हणून. एकाच चुलीपुढं.

मधली वर्षं जयवंतीची कशी गेली ते सांगायला नको, पण सांगतो. ती धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या, पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिच्यापुढं आलं की बायकांचं बोट करंड्यात अडखळायचं. लावावं की नाही? ती स्वतःच म्हणायची, "राहू द्या, मला घाई आहे," आणि उठून चालू लागायची. कसली घाई, ते तिलाही ठाऊक नसायचं. मुंबईहून कोणी खाकी कपड्यातला उतरला की वार्ता आळीत यायच्या आधी ती रस्त्यावर. पोस्टमन सायकलवरून उतरायचा नाही, नुसती मान हलवत पुढं जायचा. देश स्वतंत्र झाला, वाडीत विजेचा पंप आला, रहाट मोडीत निघाला. तिनं त्याची लोट्यांची माळ मात्र विकू दिली नाही. ते आल्यावर विचारतील, म्हणाली.

पंचावन्नच्या उन्हाळ्यात बारा वर्षं भरली. सासूबाईंनी विषय काढला. त्या खंगल्या होत्या, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. "जयवंती, आता मला त्याला पाणी देऊ दे."

"नाही," जयवंती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूला नाही म्हणाली.

"अगो, मी गेल्यावर कोण देणार?"

"ते येतील. आल्यावर स्वतःच्या हातानं घेतील." आणि ती निघून गेली, वाडीत, विहिरीवर, फाटकावर.

त्याच आठवड्यात लुसीनं बातमी आणली. अर्नाळ्याला मासे सुकवतात त्या वाळूवर कोणी फौजी माणूस येऊन राहिलाय. धड बोलत नाही, वसईचा आहे म्हणतो. लुसीनं वाईट मनानं आणली नव्हती. पण ती संध्याकाळ जयवंतीनं कशी काढली ते तिलाच माहीत. सकाळी उजाडता उजाडता ती निघाली. घरात दोघींशिवाय कोणी नव्हतं. प्रमोदिनी माहेरी आगाशीला, एकनाथ शाळेच्या कामाला भल्या पहाटे गेलेला. सासूबाईंना ताप होता. जयवंतीनं त्यांच्या उशाशी तांब्या ठेवला, तो भरला की नाही हे बघितलं नाही, आणि चालत सुटली.

अर्नाळ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडींमधून तिनं तो माणूस शोधला. होता, फौजीच होता. पण वसईचा नव्हता, तळकोकणातला कुठला तरी, आणि वयानं नरहरीच्या बापाएवढा. तिच्याकडे बघून तो हसला आणि त्यानं तिच्यापुढं हात पसरला. तिनं त्याला काय दिलं, दिलं की नाही, तिला नंतर कधी आठवलं नाही. परतीच्या वाटेवर ती एकदाही थांबली नाही.

घरी आली तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. तांब्या रिकामा होता. माठापर्यंत जायला उठल्या आणि मधेच कोसळल्या. ओठ सुकून पांढरे पडलेले. जयवंतीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. थोडं तोंडात गेलं, बरंच गळ्यावरून ओघळलं. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "आलास?"

जयवंतीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

सासूबाई वाचल्या. एकनाथ घरी येईपर्यंत जयवंती त्यांना वारा घालत बसली होती. तो ओट्यावर टेकला तशी तिनं विचारलं, "भाऊजी, हत्तींचं एकदा सांगितलं होतंत ना. उलटल्याचं."

एकनाथला आठवायला वेळ लागला. कार्थेजचे हत्ती भाल्यांनी घायाळ झाले की पिसाळायचे, शत्रू सोडून आपल्याच माणसांना तुडवत सुटायचे. म्हणून एका सेनापतीनं माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा दिला होता. हत्ती उलटला की माहुतानं त्याच्या मानेत, कानांच्या मधोमध छिन्नी ठेवून घाव घालायचा.

"ज्यानं खायला घालून वाढवला त्यानंच?"

"त्यानंच. दुसरा कोण तिथं पोचणार?"

तिनं पंखा दुसऱ्या हातात घेतला. "भटजींना बोलवा," ती शेवटी म्हणाली. आणि मग एकदम ओरडल्यासारखी, "माझ्या हातून आई गेल्या असत्या, भाऊजी! ह्यांची वाट बघण्यापायी! ती मीच वाढवली ना, खायला घालून!" एकनाथ रडला. बारा वर्षांत भावासाठी तो तेव्हा पहिल्यांदा रडला.

विधीला पळसाच्या पानांचे देठ लागतात, पुष्कळ लागतात. ते बळीरामनं चिंचोटीच्या रानातून आणून दिले. अंगणात दर्भ पसरून हरिभाऊ भटजींनी माणूस रचायला घेतला. कुठल्या अवयवाला किती देठ ते शास्त्रात ठरलेलं असतं. छातीला इतके, हातांना इतके, पायांना इतके. डोक्याच्या जागी नारळ. एकनाथ एकेक जुडी देत होता. त्याचे ओठ हलत होते, मंत्र म्हणण्यासाठी नव्हे, देठ मोजण्यासाठी. एवढी वर्षं तो दुसऱ्यांची फौज मांडत आला होता. आज एकच माणूस मांडायचा होता आणि मोजणी पुन्हा पुन्हा चुकत होती.

जयवंती दारात उभी राहून बघत होती. अंगणात नरहरी तयार होत होता, काड्यांचा. ना टोपी, ना बूट, ना कांबळं. तिला वाटलं, ह्याच्या अंगावर काहीच नाही, ह्याला असं कसं पाठवायचं?

सासूबाईंना धरून आणलं. त्यांनी ओंजळीनं पाणी घेतलं आणि नारळावर सोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. भटजी म्हणाले, "पुरे, आजी." पण त्या सोडतच राहिल्या. "पी बाबा," म्हणत होत्या, "पी. पोटभर पी." खालचे दर्भ भिजले, अंगणात पाण्याचा ओघळ झाला. कोणी त्यांना थांबवलं नाही. दमल्या तेव्हा आपणच पायरीवर बसल्या.

मग आळीतल्या बायका पुढं आल्या. कमळीमावशी, साठीची विधवा, अशा वेळी तीच पुढं असायची. तिच्या हातात दगड होता. "ये गो," ती हळूच म्हणाली, "हात दे."

जयवंतीनं हात दिला नाही. डाव्या हातानं उजवा हात चेपून चेपून त्यातली एक हिरवी बांगडी काढली. पेरांवर ओरखडा उठला. ती अंगणात उतरली, वाकली आणि ती बांगडी तिनं त्या काड्यांच्या उजव्या हातात घातली. बांगडी मोठी होती, सरकून मनगटाशी आली. तिनं ती दर्भाच्या पात्यानं बांधली.

"अहो, हे काय? असं शास्त्रात—" हरिभाऊ भटजी गडबडले.

"ते एका मोहिमेवर गेले होते," जयवंती म्हणाली. "ही त्यांची."

एकनाथनं मान खाली घातली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यातली एक कुजबुजली, की पुरुषाच्या हातात बांगडी, मेलेल्याचीसुद्धा थट्टा. कमळीमावशी दगड घेऊन तशीच उभी. "आणि बाकीच्या?" तिनं विचारलं. "बाकीच्या तरी फोडायच्या ना?"

जयवंतीनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि उभी राहिली.

पायरीवरून सासूबाई बोलल्या. त्यांचे स्वतःचे हात उघडे, पाण्यानं ओले, मांडीवर पडलेले. "तिथं रीतच तशी आहे, कमळे," त्या म्हणाल्या. "जितक्या मोहिमा, तितकी कडी. माझ्या लेकानं एक केली, त्याला एक मिळाली. हिनं किती केल्या त्या मी बघितल्यात. ह्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर." त्यांनी श्वास घेतला. "तिच्या त्या तिच्या हातात राहतील. दगड टाक खाली."

कमळीमावशीनं दगड टाकला नाही, नीट वाकून तुळशीपाशी ठेवला.

पुरुषांनी पुतळा स्मशानात न्यायला उचलला. बळीराम पुढं, एकनाथ मागं. फाटकातून वळताना बांगडी कशावर तरी आपटून एकदा वाजली. जयवंती सासूबाईंच्या शेजारी पायरीवर बसली. चांगली बसली, पाठ भिंतीला लावून, पाय लांब करून. वाडीत केळीचं वाळलेलं पान गळून पडलं. दोघींनी तो आवाज ऐकला. सासूबाईंनी सवयीनं तिच्याकडे बघितलं.

ती उठली नाही.